नवव्या दिवसाचं दूध

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं. नवव्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, तरी अकराव्या दिवसापर्यंत तुम्ही पंप चालू ठेवलात, आणि आता माझ्याकडूनच लिहून मागता की सिमेंटचा दाट माल वीस फुटांपलीकडं जात नाही. तुम्हाला चोर म्हणावं तर चोर निदान चोरलेलं वापरतो. तुम्हाला ते पाणी नकोच होतं. तुम्ही नुसतं बुजवलंत, आणि त्या बुजवण्याला एका बाईचं नाव द्यायला गाव मोकळं सोडलंत.

हे बोलणं मल्लिनाथ सकाळपासून मनातल्या मनात घोळवत होता. उमरग्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात, साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर तो बसला होता. मांडीवर टाइप केलेला कागद, शेजारी धडप्यात गुंडाळलेलं ओझं. सरकारी तलावांच्या कामावर तो पंपाचा मिस्त्री होता, सात वर्षं रोजंदारीवर, आणि सात वर्षांत त्यानं साहेबांसमोर ‘जी’ या एका अक्षरापेक्षा मोठं वाक्य एकदाच उच्चारलं होतं. ते नवव्या दिवशी. आताचं बोलणंही पोटात होतं तोवर धडधाकट होतं. दातांपाशी आलं की त्याचं पाणी पाणी व्हायचं आणि तोंडात ‘जी साहेब’ एवढाच गाळ उरायचा. हमरस्त्यावरून हैदराबादकडं जाणारे ट्रक कचेरीच्या भिंतीला हादरे देत होते. दर हादऱ्याला बाकावरचं ओझं जरासं सरकायचं, आणि मल्लिनाथ हात लावून ते जागेवर आणायचा, जसं एखाद्या आजारी माणसाला नीट बसवावं.

झालं होतं एवढंच, की सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात तो बशीत चहा ओतत असताना विरुपाक्ष वडार समोर येऊन बसला आणि त्यानं खांद्यावरचं ओझं टेबलावर असं टाकलं की बशीतला चहा मल्लिनाथच्या पायजम्यावर सांडला. विरुपाक्ष विहिरी खोदणारा. गेला महिनाभर तो आणि त्याचे भाऊ मल्लिनाथच्या गावची आटलेली विहीर सुरुंग लावून खोल करत होते.

“बघा मिस्त्री,” त्यानं धडप्याची गाठ सोडली. “तुमच्या हिरीतल्या आसरांनी जीभ काढून दावलीया.”

जीभच होती. हातभर लांब, राखाडी, मुळाशी जाड आणि टोकाकडं कापलेल्या काकडीसारखी पातळ. वरच्या अंगाला कातळाचे खड्डे उलटे उमटले होते. खालचं अंग गुळगुळीत. आणि सगळ्या अंगभर एकात एक बसलेल्या वळ्या, पुढं सरकताना दमून थांबलेल्या, पुन्हा निघालेल्या.

“कुठं घावली?”

“झऱ्याच्या तोंडात. सुरुंगानं कातळ फुटला तवा आत घट्ट बसल्याली. काढताना दोन तुकडं झालं, दुसरा माज्या पिशवीत हाय. मी तीस वर्सं दगूड फोडतुय मिस्त्री, असला दगूड देवानं केलेला न्हाय. ह्यो माणसाचा हाय.” मग त्यानं मल्लिनाथच्या हातांकडं बघितलं. “आन् माणसांत बी तुमचा.”

“गावात दावलीस?”

“न्हाय. गावात दावली तर तिला शेंदूर फासत्याल. आदी तुमास्नी दावली. आता तुमी शेंदूर फासा न्हायतर काय बी करा.”

मल्लिनाथनं जिभेवर तळहात ठेवला आणि हाताला आधी ओळख पटली, डोक्याला नंतर. दोन वर्षांपूर्वीचा पंपाचा दांडा पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं. तलावाची भिंत उभी करण्याआधी तिच्या पायाखालचा कातळ बंद करायचा असतो. लांबून कातळ म्हणजे अखंड दगड वाटतो; आत सगळ्या चिरा आणि फटी. म्हणून ओळीनं चाळीस-चाळीस फूट खोल भोकं पाडायची, सिमेंट पाण्यात कालवायचं आणि पंपानं आत दाबायचं, म्हणजे साठलेलं पाणी भिंतीखालून निसटत नाही. इंग्रजीत या कामाला नाव होतं. कामावरची माणसं म्हणायची, आंबील पाजणं. आधी ताकासारखी पातळ, मग खऱ्या आंबिलीसारखी, आणि भोक ऐकेना झालं तर पिठल्यासारखी दाट. आत जागा उरली नाही की पंपाचा काटा चढायचा, दांडा उलटा हाताला रेटायचा. मग सगळे म्हणायचे, भोक नको म्हणालं. बाकीची भोकं दोन दिवसांत, तीन दिवसांत नको म्हणाली. सतरा नंबरचं भोक नको म्हणेना. पाजतील तेवढं पीत राहिलं. मजूर त्याच्यावरून विनोद करायचे, हे भोक सासरवाडीला आलेल्या जावयाचं आहे म्हणायचे, आणि मल्लिनाथही हसायचा, पण दांडा दाबताना सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब करत राहायचा. आपण भरतोय ते जातंय कुठं? भांडं भरायला वेळ लागला तर भांडं मोठं आहे असं साहेब म्हणणार. विहिरीच्या गावात वाढलेला माणूस म्हणतो, भांडं फुटकं आहे.

दाट माल पळत नाही, सरपटतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो लहान असताना आक्का, त्याची थोरली बहीण कडूबाई, पितळीत आंबील वाढायची, आणि तो पितळी तिरकी करून बघत बसायचा. पाणी असतं तर लगेच सांडलं असतं. आंबील आधी विचार करायची. मग तिचा मधला भाग पोट पुढं काढून निघायचा, कडेचा भाग पितळीला चिकटून मागं रेंगाळायचा, आणि पुढं जिभेसारखं टोक यायचं. “खेळू नको रं, खा,” आक्का म्हणायची. परवा, जबाबाचा कागद हातात पडल्यावर, त्यानं जेवणाच्या सुट्टीत भांडारातली खिडकीची दोन जुनी तावदानं घेतली, मधे काडेपेटीच्या काड्या ठेवून बारीक फट केली आणि एका कडेनं कालवलेलं सिमेंट दाबलं. काचेतून सगळं दिसत होतं. इतक्या अरुंद जागेतही माल थांबला नाही. दोन्ही काचांना घासत, हळू, सुतासुतानं, पण रेटा असेतो पुढं. रेटा काढला की थबकायचा, पुन्हा दिला की त्याच टोकातून पुन्हा निघायचा आणि मागं एक वळी सोडायचा. मग त्यानं मागून पाणी सोडलं. पाण्याला वाटलं आपण याला सरळ ढकलून देऊ. पण पाणी बोटं फुटल्यासारखं मालात शिरलं, इथून तिथून वाटा काढू लागलं, पांढुरकं होऊन दुसऱ्या टोकानं ठिबकलं. ते ठिबकणं बघून मल्लिनाथनं काचा खाली ठेवल्या. तो रंग त्यानं आधी पाहिला होता. एका गावानं त्या रंगाची आरती केली होती.

हेडक्लार्क विष्णुपंत त्याच वेळी भांडारात आले होते. तुळजापूरचे, देवीच्या दारातली पुजारीपणाची वाटणी भावाला सोडून सरकारी खुर्चीत येऊन बसलेले, पण आवाजात अजून यात्रेकरूला घाई करण्याची लकब.

“काय रे मल्लिनाथ, काचा फोडून घरी न्यायच्यात काय?”

“न्हाय विष्णुपंत. दाट माल किती लांब जातो ते बघतोय.”

“ते कागदात लिहिलंय ना. वीस फूट. तुला बघायची काय गरज?”

“कुणी बघून लिवलं?”

“अरे, पुस्तकात आहे.”

“पुस्तकात सतरा नंबरचं भोक हाय का?”

विष्णुपंतांनी पानाची पिंक टाकायला खिडकी शोधली. “जीभ लई चालतीय अलीकडं. हात चालव. साहेबांनी तुला कायम करण्याच्या हुकमाचा कागद त्याच फायलीत टाचलाय. खाली तुझा जबाब, वर तुझा हुकूम. खालचा निघाला की वरचा आपोआप निघतो. सात वर्षं थांबलास, आता चार अक्षरांसाठी अडशील?”

“माज्या बहिणीला गाव सोडाया लावत्याल.”

“बायकांना काय, कुठंही राहता येतं. आण तुळजापूरला. देवीच्या दारात फुलं विकील. पुण्य पण लागेल.” आणि जाता जाता, खरोखर प्रेमानं म्हणावं तसं म्हणाले, “गाव सोडण्यानं माणूस मरत नाही रे. नोकरी सुटण्यानं मरतो.”

जबाब इंग्रजीत होता. मल्लिनाथ चौथीपर्यंत शिकला तो निजामाच्या अमदानीत, उर्दूतून. ते राज्य गेलं आणि ती अक्षरं बिनकामाची झाली; मग दुकानांच्या पाट्या, वाण्याच्या पुड्यांचे कागद, बिऱ्हाडाच्या भिंतीला चिकटवलेली वर्तमानपत्रं वाचून तो आपला आपण मराठी शिकला. हैदराबाद गेलं, मुंबई आली. मुंबई गेली, महाराष्ट्र आला. दर वेळी मांडव घालून सांगितलं गेलं की आता कारभार तुमच्या भाषेत. सही करायच्या कागदावर मात्र त्याला कधी आपली भाषा भेटली नाही. विष्णुपंतांनी वाचून दाखवलं तेव्हा त्यात त्याच्याच तोंडी वाक्यं घातलेली होती: मी अनुभवी मिस्त्री आहे, मी स्वतः पंप चालवला, माझ्या अनुभवाप्रमाणे सदर माल विहिरीपर्यंत पोचणे अशक्य आहे. अनुभवी. सात वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला अनुभवी म्हटलं होतं.

हा कागद येत्या शनिवारी गावच्या चावडीवर वाचला जाणार होता. दोन वर्षांपूर्वी आक्कानंच शाळामास्तरकडून अर्ज लिहून घेतला होता, की तलावाचं सिमीट आमच्या विहिरीत शिरलं, चौकशी व्हावी. पंच तेव्हाच म्हणाले होते, सरकारचा कागद येऊ द्या. सिमीट म्हणला तर बाई मोकळी, न्हाय म्हणला तर बाईनं आखितीच्या सणाच्या आत गाव सोडायचा. कागदाला दोन वर्षं लागली. दोन वर्षं ती ओढ्यात वाळू उकरून झिरा करत होती, वाटीवाटीनं घागर भरत होती. नव्या तलावावर बायका घागरी घेऊन जात, तिथंही तिला आधी जाऊ देत नसत. तुझा हात लागला तर हा बी आटंल, म्हणायच्या. चांगलं अर्ध्या कोसाचं तळं आटवण्याची ताकद त्यांनी एका बाईच्या हाताला देऊन टाकली होती.

तिचं नाव कडू ठेवलं ते आधीची तीन पोरं गेली म्हणून. मरणाला गोड लागू नये म्हणून. मरणाला ती कडूच लागली, बाकी सगळ्यांना चावून बघता आली. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा पटकीनं गेला, सासरनं माहेरी आणून घातली. माहेरी आई नव्हती, मल्लिनाथ होता. त्याला तिनं वाढवला, कमरेला भोपळा बांधून त्याच विहिरीत पोहायला शिकवला. विहीर काळ्या कातळात खोदलेली, उतरायला बाजूला पायऱ्या, आणि तळाशी उगवतीच्या अंगाला झरा. पाण्यात डोकं खाली घालून झऱ्यापाशी गेलं की गालाला गार बोट लागल्यासारखं व्हायचं. तिथं साती आसरा राहतात, सगळे म्हणायचे. आक्का म्हणायची, “ऱ्हात असत्याल. आपल्या घरी कोन ऱ्हातं ते त्या इचारतात का?”

दर साली पाडवा झाला की घरटी एक गडी विहिरीत उतरून गाळ काढायचा. दोन वर्षांपूर्वी गडी सगळे तलावाच्या कामावर. गाळ साठला, झऱ्याचं तोंड बुजत आलं, पाणी शेवाळलं. बायका वरून वाकून बघायच्या आणि देवाला नावं ठेवायच्या. मग आक्कानं कासोटा घातला आणि एकटी उतरली. “झरा मोकळा कराया मिशा लागत्यात काय?” असं म्हणाली म्हणे. चार दिवस ती गाळ भरत होती आणि वरच्या बायका ओढत होत्या. शेवटी झऱ्याच्या चिरेत कोपरापर्यंत हात घालून तिनं ती साफ केली. त्याच सुमारास, वर दीड फर्लांगावर, मल्लिनाथनं सतरा नंबरच्या भोकात पहिली पातळ आंबील सोडली होती. भावाचा आणि बहिणीचा हात एकाच चिरेच्या दोन टोकांना होता, आणि दोघांनाही माहीत नव्हतं.

सतरा नंबर सुरू झाल्यापासून सहाव्या दिवशी झऱ्यातून दूध आलं. पांढरं, जरा कोमट, धागे धागे होऊन वर येणारं. कडूबाईच्या हातानं आसरा पान्हावल्या अशी हाळी उठली. अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावानं केली असती? दुसरीकडं एखादा म्हणाला असता, पाणी का नासलं बघा, वर कसलं काम चाललंय विचारा. इथं हलगी वाजली. विहिरीला हिरवं पातळ नेसवलं, पायऱ्यांवर नारळ फुटले, पाणी शेंदायचं बंद केलं, का तर नुकत्या पान्हावलेल्या गाईच्या वासराचं दूध तोडू नये. उपसा असता तर माल पातळ होऊन वाहून तरी गेला असता. त्यांनी पाणी स्थिर ठेवलं, हात जोडून, घट्ट व्हायला.

नवव्या दिवशी मल्लिनाथची सुट्टी होती, पंप बाकीचे चालवत होते. तलावावर ‘तुझ्या बहिणीच्या हाताला देवी आली’ हे ऐकून तो तडक गावाकडं निघाला. विहिरीवर भजन चाललं होतं. आक्का वरच्या पायरीवर बसली होती, कुणी तिला पाट दिला होता. पाट! ज्या बाईला लग्नाच्या घरात ओसरीखाली बसवायचे, जिचं तोंड सकाळी दिसलं तर माणसं परत घरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकून निघायची, तिच्यापुढं पाटलाची सून वाकत होती. आक्काचा चेहरा कसा दिसत होता ते त्याला अजून लख्ख आठवत होतं. ती खूश नव्हती. अवघडली होती. पायाला हात लागला की पाय आखडून घेत होती. पण तिचं नाक, जे इतकी वर्षं जमिनीकडं बघत होतं, ते वर उचललेलं होतं, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपली बहीण देखणी आहे.

कुणीतरी त्याच्या ओंजळीत तीर्थ ओतलं. त्यानं चाखलं. जिभेला चुना लागल्यासारखं झालं, हिरड्या आवळल्या, घशात ती ओळखीची राख. पंपावर वारा उलटा आला की दिवसभर तोंडात असायची तीच चव. पाण्याकडं बघितलं तर कडेला दोन बेडूक पोट वर करून तरंगत होते. त्यांच्यावरही कुणी हळद वाहिली होती.

आक्कानं त्याला जवळ बोलावलं. आवाज बारीक केला. “मल्लू, माजी हातं बघ.” तीन दिवस त्याच पाण्यातून तीर्थ वाटून बोटांच्या टोकांची साल गेली होती, चिरा पडल्या होत्या, नखांच्या मुळाशी लाल. त्याचे स्वतःचे हात तसेच होते, अगदी तसेच. पंपावरच्या सगळ्यांचे असायचे, सिमेंट खातं कातडीला. दोघांचे हात एकमेकांशेजारी धरले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं.

“आग हुतीया रं. दुदानं आग हुती का?” मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. तिला शंका होती. सगळ्या गावात एकटीला होती. “तू कामावरचा हायस. खरं सांग. हे दूध हाय का?”

हलगी वाजत होती. पाटलाची सून अजून वाकलेलीच होती. मल्लिनाथ म्हणाला, “व्हय आक्का. दूधच हाय.”

का म्हणाला? या दोन वर्षांत त्यानं या ‘का’ला किती कोनांतून टोचून बघितलं. भीती होती, ती होतीच. नोकरी होती. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात साहेबही नव्हते, नोकरीही नव्हती. तो पाट होता. आपण खरं बोललो तर हा पाट आत्ता, सगळ्यांसमोर, तिच्या खालून काढून घेतील, एवढंच त्याला दिसलं होतं. एक दिवस बसू दे तिला, उद्या बघू. त्या एका दिवसाच्या पाटापायी बहिणीचं सगळं आयुष्य जमिनीवर आलं, आणि हे प्रेम होतं म्हणावं तर प्रेमानंही हाताची साल जाते.

त्याच संध्याकाळी मात्र तो धावत तलावावर गेला. साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते, समोर कामाचे नकाशे पसरलेले. मल्लिनाथ उभा राहिला आणि आयुष्यातलं ते मोठं वाक्य बोलला: “साहेब, माल गावच्या विहिरीत निघालाय, म्या सोता चाखलाय, आत्ता थांबलं तर झरा धुऊन निघंल, पंप बंद करा.” साहेबांनी त्याच्याकडं शांतपणे बघितलं. विचारलं, “आणखी कुणी म्हणतंय असं?” न्हाय साहेब, गाव दूध म्हणतंय. साहेब हसले. ते हसणं वाईट नव्हतं, दिलाशाचं होतं, तेच वाईट होतं. “मग दूधच आहे. तू दांडा मोज, दूध मोजणं तुझं काम नाही. परवा दुपारपर्यंत सतरा नंबर बंद झालं पाहिजे, तेरवा वरचे साहेब पाहणीला येतायत. उद्यापासून माल दाट कर.”

दुसऱ्या दिवसापासून माल दाट केला. आंबिलीचं पिठलं झालं. हातपंपाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं लागली, आणि दर दाबाला मल्लिनाथला दीड फर्लांगावरचं ते तोंड दिसत होतं, आतून सरपटत येणारी जीभ, आणि बाहेर हात जोडून बसलेला गाव. अकराव्या दिवशी दुपारी काटा चढला, दांडा उलटा आला. भोक नको म्हणालं. साहेबांनी सगळ्यांना गूळ वाटला. मल्लिनाथनं तो खाल्ला. तेराव्या दिवशी झरा बंद झाला, महिन्याभरात विहिरीचा तळ उघडा पडला, आणि ज्यांनी पाट दिला होता त्यांनीच म्हटलं, रांडमुंड बाई आसरांच्या घरात शिरली, दुसरं काय होणार? पातळ होतं तोवर देवीचं दूध. दाट झालं ते बाईचं पाप. आक्कानं त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. अर्जात ‘सिमीट’ हा शब्द मात्र तिनं आपला आपण घातला होता. म्हणजे नवव्या दिवशी तिनं त्याच्या तोंडाकडं बघून उत्तर वाचलं होतं, ऐकलं वेगळं तरी. आणि तिनं भावाचं नाव अर्जात घातलं नव्हतं.

बाकावर बसल्या बसल्या मल्लिनाथनं धडप्यात हात घालून जिभेच्या वळ्या मोजल्या. सात आल्या. पुन्हा मोजल्या, नऊ. तिसऱ्यांदा तेरा. त्यातली कुठली वळी त्याच्या ‘व्हय आक्का’ची, आणि कुठली साहेबांच्या हसण्याची, ते कळायला मार्ग नव्हता. सगळं एकाच रंगाचं झालं होतं. मग त्यानं खिशातली पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर धरला आणि इंग्रजी ओळींखाली सहीच्या जागेवर मराठीत लिहायला सुरुवात केली. अक्षर वेडंवाकडं होतं. उर्दूची सवय असल्यानं हात मधूनच उजवीकडून निघायला बघायचा.

“चल रे, बोलावलंय,” शिपाई म्हणाला.

आत साहेब पाणी पिऊन पेल्यावर झाकण ठेवत होते. विष्णुपंत बाजूला फाइल घेऊन उभे, हुकमाची टाचणी आधीच सैल केलेली.

“झाली सही?” साहेबांनी वर न बघता हात पुढं केला.

मल्लिनाथनं कागद दिला आणि धडपा सोडून जीभ टेबलावर, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. तिच्या वजनानं टेबलाची काच कुरकुरली.

“हे काय?”

“वीस फूट,” मल्लिनाथ म्हणाला. “दीड फर्लांगावर घावलं.”

विष्णुपंत पुढं झाले. “अरे उचल ते! कुठलाही दगड आणतोस...”

“ऱ्हाऊ द्या, विष्णुपंत,” मल्लिनाथ म्हणाला. “ह्याचा दुसरा तुकडा विरुपाक्षापाशी हाय. एक उचलला तरी एक उरतोय.”

साहेब कागद वाचत होते. मराठी त्यांचीच भाषा होती, पण त्या कागदावर ती बघायची सवय नव्हती, म्हणून ओठ हलत होते. ‘सतरा नंबरच्या भोकाचा माल विहिरीत गेला. नवव्या दिवशी मी ते पाणी चाखले. ते सिमेंट होते. माझी बहीण कडूबाई हिने मला विचारले, हे दूध आहे का. मी होय म्हणालो. ते मी खोटे बोललो. त्याच संध्याकाळी मी साहेबांना पंप बंद करा म्हणालो. साहेब म्हणाले’ आणि तिथं अक्षरं संपली होती. खाली चार ओळींची जागा कोरी होती. त्याच्याही खाली मल्लिनाथची सही.

“पुढं काय?” साहेबांनी विचारलं. आवाज अजून शांत होता.

“पुढचं तुमचं हाय.”

“तुला कळतंय तू काय करतोयस? हा तुझा हुकूम मी आत्ता, या क्षणी फाडू शकतो.”

“फाडा.”

शब्द बाहेर पडला आणि मल्लिनाथला जाणवलं, की तो दातांपाशी पाणी झाला नाही. घट्टच बाहेर आला. खिशातून पेन्सिल काढून त्यानं टेबलावर ठेवली, टोक साहेबांकडं करून.

“माजं उत्तर म्या लिवलंय साहेब. दोन वर्सं उशिरा, पण लिवलंय, आन् शनवारी चावडीवर आक्काच्या म्होरं म्याच उभं ऱ्हाऊन वाचणार हाय. तुमी कागद ठिवून घेतला तरी मला तोंडपाठ हाय. तेवढी चार वळींची जागा ऱ्हायलीया. म्या तुमास्नी म्हनलं, झरा वाचंल, पंप बंद करा. तवा तुमी हसून काय म्हनला, त्ये तुमच्या हातानं हितं लिवा. म्या हालत न्हाय. काय म्हनला व्हता, साहेब?”